जिन्याखालचा पलंग

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. चांगदेवकाका अजून म्हणतात की त्यांची होती, पण त्यांचं सोडा. टेप माझ्या खिशात होता, त्यांच्या नव्हे.

मी धनाजी सुतार. मूळचा साताऱ्याकडचा, राहायला कामोठ्यात, आणि पावण्याच्या एमआयडीसीत माझा एक छोटा गाळा आहे. सरळ काम मी घेत नाही. सरळ भिंतीला सरळ कपाट लावायला आता कारखाने झालेत. मोबाईलवर बोट टेकवलं की टेम्पोतनं खोकं येतं, चार स्क्रू पिळले की कपाट उभं. पी हळद नि हो गोरी! माझ्याकडं येतं ते या कारखानेवाल्यांनी हात वर केलेलं काम. खांबामागचा कोपरा, बीमाखालची बोळकांडी, एका टोकाला दोन फूट नि दुसऱ्या टोकाला पावणेदोन फूट भरणारा कोनाडा. अशा वाकड्या जागेत फर्निचर बसवायचं म्हणजे आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, तो जागेवर लावायचा, परत कापायचा, आणि चार वेळा स्वतःला शिव्या घालायच्या. मला ते आवडतं. आमची मंडळी म्हणते, वाकड्याला वाकडंच आवडायचं.

आमचा बाप, ज्योतिबा सुतार, सांगायचा की माप डोळ्यानं घे, हातानं घे, पण कानानं घेऊ नको. सांगोवांगी मापावर केलेलं काम परत येतं. तीस वर्षं मी हे पाळलं. गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, "साडेसहा फूट लिहून घ्या," की मी फोन ठेवायचो. वाशीच्या एका डॉक्टरीणबाई त्यावरनं मला उद्धट म्हणाल्या. म्हणू देत. कपाट बसलं का नाही?

तर मार्च महिन्यात एका सकाळी चांगदेवकाका गाळ्यावर आले. सत्तरीला आलेला माणूस, काटक, हाफपॅंट आणि वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. नमस्कार नाही, चमत्कार नाही. रंधा मारत होतो तिथं येऊन उभे राहिले.

"तू वाकड्या जागेचा मिस्त्री ना रं? मना पलंग करायचाय. माज्या नातीला."

"साईज काय?"

"साईज तुना म्हायती पायजे. ये नि बघ."

असं कुणी बोललं की मला खरंतर राग येतो. पण या माणसाचा आला नाही. उलट बरं वाटलं. टेप घेतला आणि मागोमाग निघालो.

पावण्यात बाहेरच्या माणसाला कारखाने दिसतात, गाव दिसत नाही. पण केमिकलच्या वासातनं दहा मिनिटं आत चाललं की आहे गाव. देऊळ आहे, वाळत घातलेली मासळी आहे, ओट्यावर बसलेली माणसं आहेत. काकांचं घर देवळामागं. मला बघताच कळलं की हे घर बांधलेलं नाही, हे वाढत गेलेलं आहे. ओटी मिठागराच्या कमाईची. जमीन कारखान्यांत गेली आणि काकांना कंपनीत नोकरी लागली, तेव्हाचं माजघर. मुलगा झाला तेव्हा वरची खोली. आणि वरची खोली झाल्यावर मालकांच्या लक्षात आलं की वर जायला जिना पाहिजे! मग तो माजघराच्या पोटातनं, जिथनं जमेल तिथनं घुसवलेला. मी चारही कोपऱ्यांना गुण्या लावला. एकही कोपरा काटकोनात नव्हता.

"काका, हे घर कुणी बांधलं?"

"मी."

"तरीच."

ते हसले. आमचं तिथंच जमलं.

पलंगाची जागा त्यांनी आधीच ठरवली होती. जिन्याखाली. तिथं एक तिरपा खोपा होता, डोक्याकडं माणूस बसू शकेल एवढा उंच आणि उतरत उतरत पायाकडं अडीच फुटांवर येणारा. त्याच्या पुढं विटांची आडवी भिंत घालून जिन्याचा पायथा बंद केलेला. मोकळी लांबी भरली चार फूट सहा इंच.

"यात पलंग? यात मांजर झोपेल."

"माजी नात झोपल. तिचीच जागा हाय ती. शालेतून आली का दप्तर टाकून तिथंच घुसायची. कमळी, माजी बायको, जेवायला हाका मारायची तरी बाहेर नाय यायची."

"आता कुठं असते?"

काका वळले. आत गेले, कोरा चहा टाकला, दोन पेले घेऊन आले आणि मग सगळं बोलले.

त्यांचा मुलगा प्रितम. बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क. कमळीकाकू गेल्या त्या वर्षी एक बिल्डर गावात फिरायला लागला. जुनी घरं पाडून टॉवर. प्रितमनं बापाला न विचारता शब्द देऊन टाकला. बिल्डरची माणसं घर मोजायला आली, तर काका होडीचं वल्हं घेऊन त्यांच्या मागं देवळापर्यंत पळाले. सगळ्या गावानं बघितलं. प्रितमची लाज गेली. संध्याकाळी बापलेकांचं जुंपलं. प्रितम म्हणाला, "या घरात माझ्या पोरीला पाय पसरायला जागा नाही. तुम्हाला भिंती प्याऱ्या आहेत, नात नाही." काका म्हणाले, "मंग नीघ. परत माज्या उंबऱ्याला पाय लावू नको." तो बायको-पोरीला घेऊन कामोठ्याला गेला आणि त्यानं शब्द पाळला. पाच वर्षं. गणपतीलाही नाही.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, काका. तुमचा पण नि त्याचा पण."

"माजाच हाय ना तो. माज्यावरच जानार."

"मग नात दिसलीच नाही पाच वर्षं?"

"दिसते की. सून चांगली हाय माजी, अमिता. प्रितम घरी नसला का गुपचूप मोबाईल लावून देते, तोंड दिसतं. ईश्वरी नाव तिचा. हसली का कमळीसारखी दिसते. दोन मिनटां बोलते, मंग बोलते, ठेवते आजोबा, पप्पा आले." काकांनी पेला खाली ठेवला. "मना ती इथं पायजे रं, मिस्त्री. मे महिन्याच्या सुट्टीला, आठ दीस. एक रात झोपली तरी चालंल. प्रितम बोलला ना पाय पसरायला जागा नाय? मना त्याला जागा दाखवायचीय."

एवढं सगळं होतं त्या पलंगावर. मी चहा संपवला आणि कामाचं विचारलं. "उंची किती पोरीची?"

काका उभे राहिले. उजव्या हाताचा पंजा पसरला आणि छातीच्या खाली, बरगडीपाशी, हवेत धरला. "एवरी हाय."

तो हात कसा धरला होता ते तुम्हाला सांगता येत नाही. हवेत नुसता धरलेला नव्हता. खाली खरंच कुणाचं तरी डोकं असावं आणि केस विस्कटू नयेत अशा बेतानं धरला होता. मी टेप काढला, जमिनीपासनं त्यांच्या पंज्यापर्यंत लावला आणि वहीत लिहिलं, तीन फूट अकरा इंच. चार सहाच्या जागेत आरामात बसेल, वर सात इंच मोकळे. म्हणलं, झालं काम.

कितवीला आहे हे विचारलं नाही. विचारायला काय पैसे पडत होते मला? ज्या माणसानं डॉक्टरीणबाईंचं साडेसहा फूट मानलं नाही, त्यानं एका म्हाताऱ्याचा हवेतला हात मानला. बापाचा नियम मोडला आणि मोडतोय हे कळलंसुद्धा नाही. एवढंच म्हणलं, "काका, पोर वाढती असते." तर ते म्हणाले, "वाढंल तवा बगू." आणि मी मान डोलावली. बैलासारखी.

कामोठ्यात मीच राहतो म्हटल्यावर निरोप्याही मीच झालो. एका रविवारी संध्याकाळी प्रितमच्या सोसायटीत गेलो. दुसरा मजला, चकचकीत फ्लॅट, भिंतीला तेच खोक्यातनं येणारं कपाट. अमितानं पाणी दिलं, मी कोण ते सांगितल्यावर चहाही दिला. पोर क्लासला गेली होती. अर्धा तास बसलो मी तिथं. अर्धा तास आणखी बसलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझी नजर त्या कपाटाच्या बिजागरीवर, की ही दोन वर्षांत निखळणार.

"पलंग करून काय होणारे, मिस्त्री?" प्रितम म्हणाला. "त्या घरात आईचं कपाट तीन विटांवर उभं होतं. दार उघडलं की अंगावर यायचं. आमी लहानपणी खेळायचो, दार उघडायचं आणि पळायचं." हे सांगताना त्याला हसू आलं, मग त्यानं ते आवरलं. "ते काय म्हणाले? फक्त पोरीला पाठव म्हणाले ना?"

तसंच म्हणाले होते. काकांच्या तोंडात मुलाचं नाव येत होतं, पण 'त्याला ये म्हणावं' एवढं काही येत नव्हतं. आता दोन फळ्यांत फट राहिली की आम्ही सुतार काय करतो? पाचर मारतो.

"नाही नाही," मी म्हणलं. "सगळ्यांनी या म्हणालेत. प्रितमला आधी सांग, असं म्हणालेत."

अमितानं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं मी थापा मारतोय. पण ती नवऱ्याला म्हणाली, "जाऊन तर बघू या. पलंग बघायला काय जातंय? ईशू किती दिवस मागं लागलीय." प्रितम म्हणाला, परीक्षा संपली की एखाद्या रविवारी बघू. त्याचा 'बघू' म्हणजे काय ते अमितालाच माहीत, पण तिनं मला डोळ्यांनी सांगितलं की काम चालू ठेवा.

तीन आठवडे काम चाललं. आधी त्या तीन विटांवरच्या कपाटाचं बघितलं. त्याच्या मागची भिंत वर तीन इंच पुढं आली होती, म्हणून ते झुकायचं. खाली तिरपी बैठक करून दिली, विटा काढल्या, दार उघडून दाखवलं. आलं नाही अंगावर. मग पलंग. काकांच्या वरच्या खोलीचं एक जुनं सागवानी दार पडून होतं, तेच चिरलं. काय लाकूड होतं! रंधा मारला की वास अख्ख्या माजघरात. तिरप्या छताला धरून डोक्याकडं फळी, तिच्यात पुस्तकांना कप्पे, खाली दोन ड्रॉवर, कडेला गोल केलेली पट्टी, पोरीच्या गुडघ्याला लागायला नको म्हणून.

काका रोज शेजारी पाट घेऊन बसायचे आणि हुकूम सोडायचे.

"इथं चार्जरची पिन पायजे. पोरींना चार्जर लागतो."

"ठीक."

"नि लाईट पन. रातची पुस्तक वाचल ती. बटन हाताशी पायजे, उठायला नको."

"ठीक."

"मिस्त्री, इथं उन्हाल्यात गरम होल का रं?"

मग छोटा पंखा बसवला. असं करत करत तो पलंग नव्हताच राहिला, एक खोलीच झाली. काकांनी वाशीला जाऊन चादर आणली, तिच्यावर ससे. पसरली, उशी ठेवली, उशीवरनं हात फिरवला आणि मला विचारलं, "आवरंल ना रं तिला?" त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. "न आवडायला काय झालंय," मी खेकसलो. मला अशा वेळी खेकसायलाच येतं.

एप्रिल संपता संपता अमिताचा फोन आला. रविवारी सकाळी येतो.

काकांनी मलाही थांबवून घेतलं. सकाळपासनं त्यांनी ओटी तीनदा झाडली. कोळंबी आणली, घावन घालायला शेजारच्या बाईला सांगून ठेवलं. दहाच्या सुमाराला गाडी देवळापाशी थांबली. प्रितम पुढं आला आणि उंबऱ्याशी थबकला. पाय काही उचलेना. काका आत उभे. दोघंही एकमेकांच्या छातीच्या गुंडीकडं बघतायत. मला वाटलं, गेलं सगळं ओमफस!

"पाय धू," काका म्हणाले. "कारखान्याची धूल हाय बाहेर."

प्रितमनं दाराशेजारच्या बादलीतनं पाय धुतले आणि आत आला. एवढंच झालं. पण पाच वर्षांची गाठ त्या दोन तांब्यांत सुटायला लागली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

त्याच्या मागं अमिता आणि अमिताच्या मागं आणखी एक बाई. निदान मला बाईच वाटली. उंच, जीन्स, केस वर बांधलेले. मनात म्हणलं, प्रितमनं मेहुणी आणलेली दिसते, आणि मी दारात पोर कुठं दिसते का बघायला लागलो. तेवढ्यात ती माजघराच्या दाराखालनं वाकून आत आली आणि म्हणाली,

"आजोबा!"

काका पुढं निघाले होते. दोन्ही हात पसरलेले, थोडे वाकलेले, जसं लहान पोराला उचलायला वाकतात तसे. ते तसेच थांबले. मग हळूहळू सरळ झाले. तिचं तोंड त्यांच्या तोंडाच्या रेषेत आलं.

आईपेक्षा उंच झालेली पोरगी. आठवी संपवून नववीत चाललेली.

 मी पलंगाकडं बघितलं. सशांची चादर, गोल केलेली पट्टी, आणि सगळा मिळून चार फूट सहा इंच. वाटलं, हातोडा घेऊन तिथंच फोडावा. कुणी काही बोलायच्या आधी पोरीनंच तो बघितला.

"हा माझा? अय्या, पंखा पण आहे! लाईट पण!" ती धावली, आत शिरली आणि आडवी झाली. म्हणजे झाली असं म्हणायचं. गुडघे पोटाशी घेतले, मान वाकडी केली, पाय भिंतीला टेकवले आणि आतनं म्हणाली, "मस्त आहे आजोबा. एकदम मस्त बसते मी."

गुणाची पोर हो. पण तिनं गुणाचं वागावं तेवढं ते जास्तच वाईट दिसत होतं.

प्रितमच्या तोंडावर आलं होतं. मला दिसलं ते, पाच वर्षांपूर्वीचंच वाक्य, पाय पसरायला जागा नाही. ओठ हलले त्याचे. मग त्यानं बापाकडं बघितलं आणि वाक्य गिळलं. त्याबद्दल मी त्या माणसाला शंभर गुन्हे माफ करीन.

"बाहेर ये," काका म्हणाले. "खोटा नको बोलू. ये, इकरं उभी रहा."

ती बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. काकांनी उजवा हात उचलला आणि पंजा तसाच धरला, बरगडीपाशी. तो तिच्या दंडाला लागला. तिथं डोकं नव्हतं. हात तसाच वर जात राहिला, खांदा, मान, कान, आणि मग कुठं केस लागले. तिथं हात ठेवून काका रडायला लागले. आवाज न करता वगैरे नाही, चांगले मोठ्यानं.

"मी तुला इथं ठेवली व्हती गो," ते खालची जागा दाखवत म्हणाले. "रोज इथंच व्हतीस. आठवीला हाय म्हायती मना, मीच पेपर इचारले तुना फोनवर. पन मोबाईलात नुसता तोंड दिसतं गो बाय. मना काय म्हायती तू इथं नाय?"

ईश्वरी त्यांच्या गळ्यात पडली. अमिता पदर नसताना पदर शोधत होती. प्रितम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, आईच्या त्या कपाटापाशी, आणि त्याचं दार उघडत होता, लावत होता, उघडत होता.

मला स्वतःची इतकी चीड आली की सांगता सोय नाही. कारण दुसरं कुणी चुकलं असतं तर एक वेळ समजलं असतं, मी कसा चुकलो? आमचा पोरगा स्वराज आजीपाशी साताऱ्याला वाढला. मी इथनं दर दिवाळीला त्याच्यासाठी शर्ट न्यायचो आणि दर दिवाळीला तो चार बोटं आखूड व्हायचा. तो गपचूप घालायचा आणि बाह्या दुमडायचा. मला वाटायचं फॅशन आहे. आता तो पंचवीसचा आहे, अजून शर्ट घेताना माझा हात लहान मापाकडंच जातो. अशा माणसानं टेप खिशात असताना म्हाताऱ्याच्या हाताचं माप घ्यावं!

"चूक माझी," मी ओरडलोच. "काकांची नाही, घराची नाही, माझी. ही विटांची भिंत काढतो. तिच्या मागं जिन्याचा पायथा पोकळ आहे. तिथं उंची नाही, पण पायांना उंची कशाला लागते? पाय जातील आत. आठ दिवसांत पलंग वाढवून देतो. फुकट देतो."

"पहिला तिचा माप घे," काका डोळे पुसत म्हणाले. "आता टेपनी घे."

घेतलं. पोरीला दाराच्या चौकटीला टाच लावून उभी केली, डोक्यावर गुण्या आडवा धरला, पेन्सिलनं खूण केली, खालपासनं टेप लावला. "पाच फूट तीन इंच दोन सूत."

"परत सांग."

"पाच तीन दोन सूत."

"सूत म्हणजे काय?" ईश्वरीनं विचारलं.

"इंचाचे आठ भाग. त्यातला एक म्हणजे एक सूत."

"बाप रे, एवढं बारीक?"

"एवढंच बारीक," मी म्हणलं. "आता मी कुणाचंच ऐकत नाही."

मग जेवणं झाली. कोळंबी, घावन, सोलकढी. प्रितमनं वडिलांच्या पानात स्वतः वाढलं. कपाटाला विटा नाहीत हे त्यानं तीनदा खाली वाकून बघितलं. बोलणंही झालं, कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं, गावातल्या गोष्टी. पण मे महिन्याच्या सुट्टीचं कुणी काढीना. शेवटी पोरीनंच काढलं.

"पप्पा, मी राहू इथं? आठ दिवस?"

"पलंग होऊ दे आधी," प्रितम म्हणाला. मग हात पुसत, "नववीची व्हेकेशन बॅच सुरू होतेय तिची. बघू."

'हो' म्हणाला नाही आणि 'नाही'ही म्हणाला नाही. चार वाजता ते निघाले. पोरगी देवळाच्या वळणापर्यंत उलटी चालत हात हलवत गेली. काका उंबऱ्यात उभे राहून बघत राहिले. गाडी गेल्यावरही पाचेक मिनिटं तिथंच. मी आत येऊन चादर काढली, घडी केली आणि विटांच्या भिंतीवर छिन्नी कुठं लावायची ते बघायला लागलो. या भिंतीमागं जागा किती ते ठोकून बघितलं. भरपूर होती.

काका येऊन पाटावर बसले. "किती ठेवशील?"

"सव्वासहा फूट. जागा आहे. एकदाच करून टाकू, परत कटकट नको. पोर अजून वाढायची आहे, प्रितमवर गेली तर पावणेसहा कुठं गेली नाही."

"नको."

"नको म्हणजे?"

"पाच तीन नि ते तुजे दोन सूत. तेवराच कर."

"अहो काका, डोकं ठिकाणावर आहे का? पाच तीनच्या माणसाला पाच तीनचा पलंग? वर बोटभर तरी सोडावं लागतं. आणि सहा महिन्यांत पाय भिंतीला लागतील तिचे!"

"लागू दे." काकांनी त्या भिंतीवर पंजा टेकवला. "पाय लागले का फोन करल, आजोबा, पाय लागतात. मंग मी तुना बोलवीन. तू म्हनशील, टेपनी माप घेतल्याबिगर मी काम करीत नाय. मंग तिला यावा लागल ना रं इथं? तू सव्वासहा करून ठेवलास, तं ती पुन्ना माप द्यायला कशाला येल?"

 सुतारकामाच्या हिशेबानं हे शुद्ध वेडेपण होतं. माझ्या बापानं ऐकलं असतं तर रंधा फेकून मारला असता.

कानामागची पेन्सिल काढली आणि सागवानाच्या फळीवर माप लिहिलं, पाच फूट तीन इंच दोन सूत. एक सूतही जास्त धरलं नाही.